पांढऱ्या झाकणाच्या बाटल्या : बारावी कॉमर्सच्या एका प्रकल्पाचं प्रकरण

बारावी कॉमर्सला ‘वाणिज्य संघटन व व्यवस्थापन’ हा विषय असतो. मुलं त्याला ओसी म्हणतात. ८० गुणांचा लेखी पेपर आणि २० गुण प्रकल्प व तोंडीचे. हे प्रकरण त्या २० गुणांच्या कामाशी जोडलेलं आहे : एका विद्यार्थिनीच्या घरी केलेल्या अमृत कोकमाच्या, म्हणजे कोकमाच्या गोड पाकाच्या, बाटल्यांबद्दल ग्राहकाची तक्रार आली आणि तोच तिच्या प्रकल्पाचा विषय झाला. मी सिंधुदुर्ग जिल्ह्यात किनाऱ्यालगतच्या एका गावात हा विषय शिकवते. संबंधित घराच्या परवानगीने हे लिहीत आहे. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. रुपयांचे आकडेही बदललेत, त्यांचं एकमेकांशी प्रमाण मात्र तेच ठेवलं आहे.

पार्श्वभूमी

आमचं कॉलेज म्हणजे हायस्कूललाच जोडलेले अकरावी-बारावीचे वर्ग. सायन्सला जायचं तर मुलांना एसटीने तालुक्याला जावं लागतं. कॉमर्स आणि आर्ट्स गावातच. त्यामुळे ‘आवड होती म्हणून कॉमर्स घेतलं’ म्हणणारी मुलं आमच्याकडे थोडी. निकालाची चिंता मात्र नसते. २०२५ च्या बारावीत कोकण विभागाचा निकाल ९६.७४ टक्के लागला, राज्यात पहिला, आणि पहिला नंबर आमच्या विभागाला नवा नाही. मुलं पास होतात. धंदा कसा चालतो हे त्यांना या विषयातून कळतं का, हा खरा प्रश्न आहे आणि तो निकालाच्या टक्केवारीत दिसत नाही.

प्रकल्पाचं एक ठरीव रूप होऊन बसलं आहे. स्टेशनरीच्या दुकानात तयार वही मिळते, मुखपृष्ठावर सोनेरी अक्षरं. आत व्यवस्थापनशास्त्रज्ञ हेन्री फेयॉलचा फोटो आणि त्याची १४ तत्त्वं, नाहीतर ‘बँकेस भेट’. बँकेत कोणी गेलेलं असतंच असं नाही, ताईची नाहीतर दादाची गेल्या वर्षीची वही असते. याच मुलांच्या घरी रापणीचे (किनाऱ्यावरून मिळून जाळं ओढून केलेल्या मासेमारीचे) वाटे कसे पडले, आंब्याच्या पट्टीत (व्यापाऱ्याकडून येणाऱ्या विक्रीच्या हिशेबात) हमाली आणि मोटारभाडं किती कापलं, याची चर्चा रात्री जेवताना चालते. वर्गात १९३२ चा भागीदारी कायदा शिकवला जातो तेव्हा रापणीचं नावही निघत नाही.

ज्या मुलीचं हे प्रकरण, ती दहावीला ऐंशीच्या वर गुण मिळवून आलेली. घरच्यांच्या मनात सायन्स होतं, पण रोजचं जाणं-येणं जमणारं नव्हतं. घरात आजी, आई-बाबा, धाकटा भाऊ आणि काकी. काका मुंबईला नोकरीला. आजी आणि काकी मिळून उन्हाळ्यात आमसुलं, आगळ (कोकमाचा खारवलेला रस) आणि अमृत कोकम करतात. बाबा बाटल्या भरून तारकर्लीच्या वाटेवर टेबल मांडतात, आणि उरलेला माल तालुक्याच्या एका व्यापाऱ्याला देतात. हिशेब काकीच्या वहीत.

अमृत कोकम कसं होतं हे थोडं सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. रातांबे (कोकमाची फळं) धुऊन, पुसून फोडायचे, बिया काढायच्या, वाट्यांमध्ये साखर भरायची आणि बरणीत थरावर थर लावून ती बरणी उन्हात ठेवायची. साखर विरघळते, वाट्यांचा रस सुटतो, आठवडाभरात लालभडक पाक तयार होतो. मग गाळायचं, मीठ-जिरं घालायचं, बाटल्या भरायच्या. उकळणं नाही. टिकण्याची सगळी भिस्त साखरेवर आणि कडक उन्हावर. पाकात पाण्याचा अंश जास्त राहिला की यीस्टला वाव मिळतो आणि पाक आंबतो.

मे २०२५ मध्ये नेमकं ऊनच दगा देऊन गेलं. २० तारखेच्या सुमारास पाऊस झोडपू लागला आणि २५ मे रोजी मोसमी पाऊस देवगडपर्यंत पोचल्याचं हवामान खात्याने जाहीर केलं. एरवी हा पाऊस आमच्याकडे जूनच्या पहिल्या आठवड्यात येतो. रातांब्याचा हंगाम ऐन भरात होता. अंगणातल्या बरण्या पडवीत आल्या, तिथून चुलीजवळ. आमसुलांचा एक मोठा भाग बुरशीने गेला. अमृत कोकमाच्या बरण्या मात्र ‘सुटला आसा, गाळूया’ म्हणून गाळल्या गेल्या.

समस्या

दिवाळीच्या सुट्टीत पुण्याच्या एका कुटुंबाने टेबलावरून सहा बाटल्या नेल्या. काही दिवसांनी लेबलावरच्या नंबरवर व्हॉट्सॲपला फोटो आणि व्हिडिओ आला. एक बाटली तळाशी फुगलेली. दुसरीचं झाकण फिरवताच पाक ओट्यापासून भिंतीपर्यंत उडालेला. खाली मजकूर होता. पैशांचा प्रश्न नाही, पण लेबलवर तयार केल्याची तारीखच नाही, हे आम्ही मुलांना पाजलं आहे.

नंबर बाबांचा. बाबांनी वाचून फोन खिशात ठेवला. दोन दिवसांनी तो मेसेज मुलीने पाहिला.

मी त्याच आठवड्यात ‘ग्राहक संरक्षण’ शिकवत होते. ग्राहकाचे हक्क, ग्राहकाच्या जबाबदाऱ्या, तक्रार कुठे करायची, असं सगळं फळ्यावर. तास संपताना तिने हात वर केला. “मॅडम, ग्राहकाने तक्रार केल्यावर विकणाऱ्याने काय करायचं?”

वर्गात कोणाला त्यात काही वेगळं वाटलं नाही. मला वाटलं, कारण इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. हा धडा आपण सगळे गिऱ्हाईक आहोत असं धरून शिकवला जातो. आमच्या वर्गातली निम्मी मुलं कुठल्या ना कुठल्या विक्रेत्याच्या घरची आहेत.

मधल्या सुट्टीत तिने मला व्हिडिओ दाखवला.

पहिला निर्णय : कायदा किती सांगायचा

तिला खरी माहिती हवी होती, आणि ती घाबरवणारी होती. ग्राहक संरक्षणाचा २०१९ चा कायदा जुलै २०२० पासून लागू आहे. त्याखाली तक्रारदार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करू शकतो, म्हणजे पुण्याच्या माणसाला सिंधुदुर्गात यायची गरज नाही. सदोष मालाने इजा झाली तर उत्पादन दायित्वाचं स्वतंत्र प्रकरण त्या कायद्यात आहे. १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर मुलांच्या पुस्तकाबाहेरही कामाचा आहे. आणि ग्राहक कायद्याच्याही आधीची गोष्ट, खाण्याची वस्तू करून विकणाऱ्याला अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते. त्या वेळी वर्षाला १२ लाखांच्या आत उलाढाल असलेल्या छोट्या उत्पादकाला परवाना नको, साधी नोंदणी पुरत होती, शुल्क वर्षाला १०० रुपये. या घराने ती केलेली नव्हती. गावात फारच थोड्यांनी केली आहे.

तिला हे सगळं एकदम सांगावं की नाही, असा प्रश्न होता. सतरा वर्षांची मुलगी घरी जाऊन ‘मॅडम म्हणाल्या आपण बेकायदा आहोत’ म्हणाली असती तर घराने दार लावून घेतलं असतं, तक्रारीचं काम बाजूला पडलं असतं आणि मुलगी दोन्हीकडून चेपली गेली असती. पण अर्धवट सांगणंही बरोबर नव्हतं, मुलांच्या पोटात गेलेल्या वस्तूची गोष्ट होती. म्हणून मी काकींना कॉलेजात बोलावलं आणि तिच्यासमोरच दोघींना सांगितलं. काकींना, कारण हिशेबाची वही त्यांच्याकडे होती. ग्राहकाशी मुलीने बोलायचं नाही, घरातल्या मोठ्या माणसाने बोलायचं, एवढी एकच अट मी घातली. बाकी काय करायचं ते घराने ठरवायचं होतं.

घरात कोणकोणते मार्ग निघाले

त्या रात्री घरात काय बोलणं झालं ते मला तिच्याकडून आणि काकींकडून वेगवेगळं कळलं. दोन्ही मिळून चित्र असं.

बाबांचं म्हणणं, उत्तरच द्यायचं नाही. पुण्याचा माणूस, पुढच्या दिवाळीला येईल न येईल. उत्तर दिलं म्हणजे चूक कबूल केली. हा विचार निव्वळ आडमुठेपणाचा नव्हता. व्यापाऱ्याकडे त्यांचे पैसे अडकले होते, आणि माल खराब निघाल्याची कुणकुण लागली तर तो तेच पैसे अडवणार हे त्यांना ठाऊक होतं.

आईचं म्हणणं, दोन बाटल्यांचे पैसे जीपे करून टाकायचे आणि माफी मागायची. स्वस्त आणि सरळ.

आजीला मूळ गोष्टच मान्य नव्हती. “माज्या हातचा कोकम कदी फसफसला नाय. त्येंनी उनात ठेयला आसतला गाडयेत.” बाटली गाडीत उन्हात राहिली असेल, हे अगदीच अशक्य नव्हतं.

काकींनी चौथी गोष्ट काढली. सहापैकी दोन बिघडल्या असतील तर टेबलाखाली अजून खोके आहेत त्यांचं काय? आणि व्यापाऱ्याकडे गेलेल्यांचं?

इथे प्रकरणाला वळण लागलं असं मला वाटतं. तोवरचे सगळे मार्ग ‘तक्रारीचं काय करायचं’ याचे होते. काकींचा प्रश्न मालाचा होता. व्यवस्थापनाच्या कार्यांत ‘नियंत्रण’ शिकवताना आम्ही पायऱ्या लिहून देतो : मानक ठरवणे, प्रत्यक्ष काम मोजणे, तुलना करणे, फरक शोधणे, सुधारणा करणे. मुलं त्या पाठ करतात. इथे पहिलीच पायरी नव्हती. कुठली बाटली कुठल्या बरणीतली हे कोणालाच सांगता येत नव्हतं. सगळ्यांवर एकच लेबल, ना तारीख, ना घाण्याचा (एका वेळी केलेल्या मालाचा, म्हणजे लॉटचा) नंबर.

दुसरा निर्णय : कुठल्या बाटल्या मागे घ्यायच्या

सगळाच माल मागे घेणं परवडणारं नव्हतं. काहीच न घेणं काकींना पटत नव्हतं. मग पावसाआधीचा आणि पावसानंतरचा माल वेगळा करायचा. कसा, हा पेच मुलीने सोडवला, आणि तो सोडवायला तिला ओसीपेक्षा अकरावीचं बुक-कीपिंग जास्त उपयोगी पडलं.

काकीच्या वहीत फक्त विकलेल्या बाटल्या होत्या. पण साखर गावातल्या दुकानातून उधारीवर यायची आणि दुकानदाराच्या वहीत प्रत्येक पोत्याची तारीख होती. बाटल्या आणि झाकणं तालुक्याहून दोन खेपांत आणलेली, दोन्ही बिलं बाबांच्या पाकिटात चुरगळून पडलेली सापडली. तिने तीन कागद शेजारी ठेवले. पहिल्या खेपेची झाकणं सोनेरी होती. ती संपली तेव्हा त्या दुकानात सोनेरी शिल्लक नव्हती म्हणून बाबांनी पांढरी आणली. दुसऱ्या बिलावर तारीख होती २२ मे.

म्हणजे पांढरं झाकण असलेली प्रत्येक बाटली पाऊस सुरू झाल्यावर भरलेली. पुण्याहून आलेल्या व्हिडिओत ओट्यावर पडलेलं झाकण पांढरं होतं.

हा दुवा सापडल्यावर आजी पहिल्यांदा गप्प झाली. पुरावा तिने नाकारला नाही. मग तिनेच सांगितलं की शेवटच्या दोन बरण्यांत साखर तळाशी बसली होती आणि तिने ती ढवळून गाळली होती. माणूस चुकलाय असं कोणी म्हणण्याच्या आधी कागद समोर आले, त्यामुळे हे बोलणं शक्य झालं, असं माझं मत आहे. कोण चुकलं यावरून सुरुवात झाली असती तर ही माहिती बाहेर आलीच नसती.

कृषी विद्यापीठाच्या प्रक्रिया विभागातल्या एका तज्ज्ञांना मी फोन लावून दिला. त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. न उकळलेला पाक टिकवायचा तर त्यातलं विरघळलेल्या घटकांचं प्रमाण, ज्याला ब्रिक्स म्हणतात, ६५ च्या पुढे असायला हवं. ते डोळ्यांनी आणि बोटावर चिकटपणा पाहून सांगता येत नाही, हातात धरायचा रिफ्रॅक्टोमीटर लागतो. आणि आंबलेला पाक पुन्हा उकळून विकायचा नाही. बाबांचा बेत नेमका तोच होता.

केलेली कृती

काकींनी पुण्याला फोन केला. मेसेज नाही, फोन. पाऊस, बरण्या, झाकणं सगळं सांगितलं, उरलेल्या बाटल्या टाकून द्या म्हणाल्या, सहाही बाटल्यांचे पैसे परत केले. मुलांची तब्येत विचारली. ठीक होती.

टेबलावरच्या आणि घरातल्या पांढऱ्या झाकणाच्या बाटल्या वेगळ्या काढल्या. त्यांतल्या काही फुगू लागल्या होत्या, बऱ्याच वरून चांगल्या दिसत होत्या. चांगल्या दिसणाऱ्यांचं काय करायचं यावर पुन्हा वाद झाला. साखरेचा पैसा त्यात अडकलेला. शेवटी एकही विकायची नाही असं ठरलं.

व्यापाऱ्याला सांगणं सगळ्यांत अवघड होतं. बाबा गेले नाहीत. काकी आणि आई गेल्या. व्यापाऱ्याने पांढऱ्या झाकणाच्या शिल्लक बाटल्या परत केल्या, विकल्या गेलेल्या किती ते नीट सांगितलं नाही, आणि परत केलेल्या मालाची किंमत बाकीतून वळती केली. बाबांना वाटलेली भीती खरी ठरली.

त्याच महिन्यात अन्न नोंदणीचा अर्ज भरला. अर्ज ऑनलाइन असतो, तो मुलीने भरला आणि सही काकींनी केली, कारण धंदा काकींच्या नावावर करायचं ठरलं. इथे फेयॉल आपोआप आला. आदेश एकाच वरिष्ठाकडून यावा हे त्याचं तत्त्व मुलं परीक्षेत उदाहरणासकट लिहितात. या घरात बरणीचं आजी सांगायची, विक्रीचं बाबा, पैशाचं काकी, आणि बाटली कधी भरायची हे ज्याला वेळ असेल तो.

नवीन लेबल करताना १४ अंकी नोंदणी क्रमांक, निव्वळ प्रमाण, कमाल किंमत, घटक, तयार केल्याची तारीख, घाण्याचा नंबर, पत्ता आणि शाकाहारी चिन्ह हे सगळं आलं. बाबांना त्यावर ‘जीआय मानांकित’ असंही छापायचं होतं. सिंधुदुर्ग व रत्नागिरी कोकमाला भौगोलिक मानांकन २०१६ मध्ये मिळालेलं आहे, पण ते वापरायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवावं लागतं. ते आत्ता नाही, हे मुलीने त्यांना सांगितलं आणि त्यांनी ऐकलं.

तिसरा निर्णय : हे प्रकल्पात लिहायचं का

आता माझ्या बाजूचा प्रश्न. तिला हाच विषय प्रकल्पाला हवा होता. मलाही हवा होता, आणि म्हणूनच मला सावध राहावं लागलं. प्रकल्पाची वही अनेक हातांतून जाते. गावात त्या घराचं नाव काढायला ‘अमृत कोकम’ एवढं पुरे. ‘त्यांचा कोकम फसफसतो’ असं एकदा पसरलं की दहा हंगाम पुसलं जात नाही. शिवाय घराचा हिशेब, व्यापाऱ्याचा भाव, नोंदणी नसल्याची गोष्ट, हे सगळं मुलीचं एकटीचं नव्हतं.

बँक-भेटीचा नेहमीचा विषय घेणं सोपं होतं, पण तिने जे शिकलं ते वाया गेलं असतं. सगळं जसंच्या तसं लिहिणं प्रामाणिक दिसलं असतं, पण घराला महागात पडलं असतं. आम्ही मधला रस्ता असा काढला. आधी नोंदणी हातात येऊ दे, मग लिही. वस्तू ‘फळांचा पाक’ एवढीच लिही. आकडे प्रमाणात बदल. आणि कच्चा मसुदा आजी-काकींना वाचून दाखव, त्या नको म्हणतील ते काढ. आजीने ऐकलं आणि एकच वाक्य काढायला लावलं. ज्यात तिचा अनुभव ‘अशास्त्रीय’ म्हटला होता ते.

एका सहकाऱ्यांची शंका रास्त होती, पुस्तकातले मुद्दे यात दिसले नाहीत तर तोंडीला अडचण येईल. म्हणून तिने प्रत्येक भागाला धड्यातला मुद्दा जोडला. नियंत्रणाच्या पायऱ्या, ग्राहकाचा सुरक्षिततेचा आणि माहितीचा हक्क, विपणनातलं वेष्टन आणि लेबल. तिच्या बाबतीत जोडणी ओढूनताणून करावी लागली नाही.

खर्चाचं पान

प्रकल्पातलं एक पान कोणी मागितलेलं नव्हतं. परत आलेल्या मालाचं नुकसान काढायचं म्हणून तिला एका बाटलीचा खर्च हवा होता आणि घरात तो कोणालाच माहीत नव्हता. तिने मांडलं : रातांबे २५ रुपये, साखर २५, बाटली-झाकण-लेबल २०, मीठ-जिरं २, वाहतूक ५. एकूण ७७. व्यापारी ९५ देत होता. ‘१८ रुपये सुटतात’ असं बाबा म्हणाले.

मग तिने विचारलं, आजी आणि काकीची मजुरी कुठे आहे? गावात रातांबे फोडायला बाई लावली तर ती दिवसाची मजुरी, म्हणजे रोज, घेते. तो रोज आणि दिवसाला होणाऱ्या बाटल्या धरून एका बाटलीमागे ३० रुपये आले. खर्च १०७. व्यापाऱ्याला दिलेल्या प्रत्येक बाटलीवर १२ रुपये तोटा, आणि तो तोटा दोन बायकांच्या पाठीवर. टेबलावर मात्र बाटली १५० ला जात होती.

माझ्या दृष्टीने या सबंध प्रकरणातलं सगळ्यांत मोलाचं पान हेच. घरच्या बायकांचं काम हिशेबात न धरणं ही कोकणातल्या जवळजवळ प्रत्येक घरगुती धंद्याची रीत आहे, आणि ती मोडायला कुठला मेळावा लागला नाही, अकरावीचं गणित आणि एका मुलीचा प्रश्न पुरला. आजी त्या पानाकडे बराच वेळ बघत होती, मग म्हणाली, “म्हंजे मियां फुकट राबलंय?” बाबांनी उत्तर दिलं नाही.

निष्पत्ती

सगळं गोड झालं असं नाही. व्यापाऱ्याकडे काकींनी ११० मागितले. तो १०० वर आला आणि पुढच्या वर्षी मालही कमी घेणार म्हणाला. १०० मध्ये मजुरी धरता तोटाच राहतो. म्हणून यंदा अमृत कोकम जास्त करून टेबलावर आणि ओळखीतल्या निवास-न्याहारीवाल्यांकडे द्यायचं, व्यापाऱ्याला फक्त आमसुलं, असं घराने ठरवलं. आमसुलात त्यांची मजुरी सुटते का, हे अजून कोणी मांडलेलं नाही.

पुण्याच्या कुटुंबाने कळवल्याबद्दल आभार मानले. पुन्हा मागणी आलेली नाही.

नोंदणी झाली, लेबल बदललं. घाण्याचा नंबर म्हणजे बरणी भरल्याची तारीख, अशी सोपी रीत त्यांनी ठरवली. रिफ्रॅक्टोमीटर तिघा घरांत मिळून घ्यायचं बोलणं चाललं आहे.

मुलीला याची किंमत मोजावी लागली. नोव्हेंबर-डिसेंबरात तिचे क्लास टेस्टचे अकाउंट्सचे गुण खाली आले, घरातले वाद तिच्या अभ्यासाच्या खोलीपर्यंत पोचले. तोंडी परीक्षेत तिला व्यवस्थापनाची व्याख्या विचारली आणि पुढे लॉट नंबर कसा देतात ते. दुसऱ्या प्रश्नावर ती इतकं बोलली की शेवटी तिला थांबवावं लागलं.

आणि एक गोष्ट मनाला लागून राहिली. तिला आता अन्न प्रक्रियेत शिकायचं आहे. त्या पदवीला बारावी सायन्स लागतं. ती वाट दहावीनंतरच, एसटीच्या वेळापत्रकामुळे, बंद झाली होती. बी. कॉम. करता करता प्रक्रिया उद्योगाची छोटी प्रशिक्षणं घ्यायची, असं सध्या तिच्या मनात आहे. धंद्याचा हिशेब येणारी माणसंही प्रक्रिया उद्योगाला लागतातच, हे मी तिला सांगितलं. ते खरं आहे, पण तिच्या प्रश्नाचं ते पूर्ण उत्तर नाही.

पुढच्या वेळी काय वेगळं करता येईल

काकींना कॉलेजात बोलावलं तेव्हाच बाबांनाही बोलवायला हवं होतं, असं काकींचं मत आहे. व्यापाऱ्याचा व्यवहार त्यांच्या हातात होता, आणि बायकांनी परस्पर ठरवलं ही सल त्यांच्या मनात राहिली. मला ते पटतं, जरी बाबा पहिल्या दिवशी आले असते तर काकींचा चौथा प्रश्न निघाला असता की नाही याची शंका आहे.

घरच्या धंद्यावर प्रकल्प करणाऱ्या मुलांसाठी घरच्या मोठ्या माणसाची लेखी संमती आता आम्ही घेतो. काय लिहायचं नाही याची यादी आधी, विषय नंतर. मुलाने घराच्या वतीने ग्राहकाशी, व्यापाऱ्याशी किंवा सरकारी कार्यालयाशी बोलायचं नाही, हेही त्यात आहे.

‘ग्राहक संरक्षण’ शिकवताना वर्गाचे दोन भाग करता येतील, अर्धी मुलं ग्राहक, अर्धी विक्रेते, आणि एकच तक्रार दोन्हीकडून सोडवायची. पेपरात प्रश्न ग्राहकाच्या बाजूनेच येतो, म्हणून विक्रेत्याच्या बाजूला तासातला वेळ देणं काही सहकाऱ्यांना जड वाटतं. मला तो वेळ वाया गेल्यासारखा वाटत नाही.

सगळ्यांत मोठा बदल वेळेचा. आमच्याकडे प्रकल्पाचे विषय दिवाळीच्या आगेमागे वाटले जातात. तेव्हा किनाऱ्यावरच्या घरांत माल तयार असतो, होत नसतो. आंबा, काजू, रातांबे, फणस, सगळं एप्रिल-मेमध्ये चालतं, आणि तेव्हा मुलं अकरावीची परीक्षा देऊन घरीच असतात. म्हणून विषय एप्रिलमध्ये, अकरावीच्या शेवटच्या आठवड्यात द्यायचे आणि सुट्टीत मुलांनी फक्त कागद जमवायचे : साखरेची उधारी, बाटल्यांची बिलं, गड्यांचा रोज, आंब्याची पट्टी, पावसाची तारीख. लिहायचं जूननंतर. सध्याच्या अकरावीतल्या ज्या मुलांनी घरचा विषय मागितला आहे, त्यांच्याकडून संमतीचे कागद मार्चअखेर मागवले आहेत.